बाबांच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ: फोटो कसे निवडायचे, गाणं कोणतं लावायचं

२०१६ साली आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मी पहिल्यांदा असला व्हिडिओ केला. १८७ फोटो, चार गाणी, एकवीस मिनिटं. नाशिकरोडच्या एका हॉलमध्ये तो लावला. चौथ्या मिनिटाला मावश्यांच्या गप्पा सुरू झाल्या, सातव्या मिनिटाला वाढपी दारातून डोकावून गेला, आणि बाराव्या मिनिटाला खुद्द बाबा उठून पाहुण्यांना "चला, पानं वाढलीत" सांगायला गेले. ज्यांच्यासाठी केला तेच!

२०२४ साली बाबांच्या पंच्याहत्तरीला दुसरा केला. ५८ फोटो, दीड गाणं, आईचा आवाज, सगळं मिळून सहा मिनिटं. या वेळी कोणी उठलं नाही. दोन्हींमध्ये फरक कशाने पडला ते खाली लिहिलंय. थोडक्यात सांगायचं तर ज्याला भेट द्यायची त्याने न पाहिलेले किंवा विसरलेले फोटो शोधायचे, आणि त्याच्या घरात खरोखर वाजलेलं गाणं लावायचं. ॲप कुठलं वापरलं याने फारसं काही बिघडत नाही.

१. दिवस मागून मोजा

कार्यक्रमाच्या तारखेपासून मागे निदान चार आठवडे धरा. पहिले दोन फक्त फोटो गोळा करण्यात जातात. "आज संध्याकाळी पाठवते गं" म्हणणारी वहिनी पुढच्या गुरुवारी पाठवते, हे गृहीतच धरायचं. एक आठवडा निवडीला, एक जुळवणीला. प्रत्यक्ष जुळवणीला दोन संध्याकाळी पुरतात. उरलेले दिवस चुका दुरुस्त करायला लागतात.

२. काय काय लागेल

- मोबाइल, त्यात १५-२० जीबी रिकामी जागा
- फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे सपाट काचेवर फोटो ठेवून झाकण लावायचं तो. घरी नसेल तर स्कॅनिंग करणाऱ्या झेरॉक्सवाल्याकडे स्वतः बसून करून घ्या, अल्बम सोडून येऊ नका
- मऊ सुती कापड, कोरडा मऊ ब्रश
- एक वही आणि मऊ पेन्सिल
- एडिटिंगचं ॲप. मोबाइलवर इनशॉट किंवा व्हीएन चालतं, लॅपटॉप असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर होते
- इअरफोन. मोबाइलच्या स्पीकरवर आवाज जुळवू नका
- दोन पेन ड्राइव्ह

कागदपत्रं म्हणाल तर सरकारी काही लागत नाही, पण घरातले कागद जरूर काढा. लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, रेल्वेचा जुना पास, आजोबांची पोस्टकार्डं, दवाखान्याच्या पाठकोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेली वाणसामानाची यादी. फोटोइतकेच हे कागद बोलतात. आमच्या व्हिडिओत लग्नपत्रिकेवर जेवढी कुजबुज झाली तेवढी लग्नाच्या फोटोवर झाली नाही, कारण पत्रिकेत "आमचे येथे श्रीकृपेकरून"च्या खाली ज्यांची नावं होती त्यांतले निम्मे समोर बसले होते. फक्त आधार, पॅन, बँकेचा नंबर दिसेल असा कागद नको.

३. अल्बमच्या बाहेर शोधा

घरच्या कपाटातला अल्बम भेट घेणाऱ्याला पाठ असतो. पुढचं पान कुठलं हे त्याला माहीत असतं. २०१६ ला मी तोच अल्बम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पडद्यावर उलटला होता.

खरे फोटो दुसऱ्यांच्या घरी असतात. आपल्या वडिलांचा फोटो आपल्या घरात कमी सापडतो, कारण कॅमेरा बहुतेक त्यांच्याच हातात असायचा. तेव्हा यादी करा: आत्या, काका, आईचं माहेर, जुने शेजारी, नोकरीतले मित्र, ज्या मुलांना त्यांनी शिकवलं किंवा सांभाळलं ती आता मोठी झालेली मुलं. प्रत्येकाला नेमकं मागा. "जुने फोटो असतील तर पाठवा" म्हटलं की कोणी पाठवत नाही. "तुमच्या संजूच्या मुंजीत बाबा पंगतीत वाढत होते, तो फोटो आहे का?" असं विचारलं की माणूस त्याच रात्री माळ्यावर चढतो.

पंचवटीतल्या आत्याकडे मला रंगपंचमीचा एक फोटो मिळाला. जुन्या नाशकातल्या रहाडीत उडी मारून बाहेर आलेले चौघेजण, डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचे. त्यातले बाबा कोण हे आत्याने कानावरून ओळखलं! ज्यांना रहाड माहीत नाही त्यांच्यासाठी: पेशवेकाळापासूनचे हे जमिनीतले दगडी हौद वर्षभर मातीखाली बुजवलेले असतात. रंगपंचमीला उकरून रंगाने भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. बाबांनी तो फोटो कधी पाहिलाच नव्हता.

आता एक अडचण, जी बऱ्याच नाशिककरांना येईल. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९२५ पासून देशाची टपाल तिकिटं, स्टॅम्प पेपर आणि पुढे पासपोर्ट छापणारी ही जागा. आत कॅमेरा नेता येत नाही. म्हणजे अडतीस वर्षांच्या नोकरीचा एकही फोटो नाही. शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये ज्यांचं आयुष्य गेलं त्यांचीही हीच गत, आणि लष्करातल्या, ओझरच्या विमान कारखान्यातल्या लोकांचंही थोडंफार तसंच.

अशा वेळी जागेचा फोटो नसेल तर जागेचा माग काढा. मामाची सिन्नरहून आलेली जुनी पत्रं आईने ठेवली होती. त्यांच्या पाकिटांवरची तिकिटं आमच्याच प्रेसमधली. पाच पाकिटं निवडली, त्यांवरची तिकिटं शिक्क्यांसकट मोठी करून स्कॅन केली, आणि नोकरीच्या जागी तेवढीच दाखवली. त्यांच्यासोबत डब्याचा फोटो (तीन पुडांचा, मधल्या पुडाला पोचा आलेला) आणि सायकलचा. बाबांचे दोन जुने सहकारी तिकिटं दिसल्याबरोबर खुर्चीत पुढे सरकले.

४. फोटो मोबाइलमध्ये आणताना

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते शेवटी मोठ्या पडद्यावरच कळतं.

*व्हॉट्सॲप.* साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं. नातेवाइकांना सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठवा." पेपरक्लिपचं चिन्ह, मग डॉक्युमेंट, मग फोटो. समजत नसेल तर व्हिडिओ कॉल करून एकदा दाखवा. आमच्या काकांना जमलं, म्हणजे कोणालाही जमेल.

*फोटोचा फोटो.* अल्बमवर मोबाइल धरून काढलेल्या फोटोत ट्यूबलाइट चकाकते आणि कडा तिरप्या येतात. स्कॅनर मिळणं शक्यच नसेल तर गुगलचं फोटोस्कॅन ॲप वापरा. ते एकाच फोटोचे वेगवेगळ्या बाजूंनी तुकडे घेऊन चकाकी काढून टाकतं. दिवसा, खिडकीजवळ, ऊन थेट न पडता.

*स्कॅनिंगचा आकडा.* दुकानदार बहुधा ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) करून देतो. चार बाय सहा इंचांचा फोटो ३०० वर १८०० बाय १२०० पिक्सेल येतो. फुल एचडी टीव्हीचा पडदा १९२० बाय १०८० असतो, म्हणजे जेमतेम. घोळक्यातल्या एकाच चेहऱ्यावर जायचं असेल तर तो फुटतो. ६०० वर करायला सांगा. पासपोर्ट साइजचा छोटा फोटो असेल तर १२०० वर.

*चिकट पानांचा अल्बम.* ऐंशी-नव्वदच्या दशकात प्लास्टिकचा कागद उचलून फोटो चिकटवायचे ते अल्बम आठवतात ना? त्यातले फोटो आता पानाला धरून बसलेत. कोपऱ्याला धरून ओढलं की फोटो मोडतो. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा फोटो आणि पान यांच्यामध्ये घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. तरीही निघेना तर नाद सोडा, अख्खं पानच स्कॅन करा. फ्रेममधल्या काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा.

*लाल पडलेले फोटो.* सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस दिसतात, कारण छापातला निळसर थर आधी उडतो. ॲपमध्ये लाल थोडा कमी केला की पुष्कळ सावरतं. पूर्ण ताजं करायला जाऊ नका. थोडा तांबूसपणा राहू दे, वय दिसतं. कृष्णधवल फोटो चांदीच्या थरावर असल्याने बरेचदा त्यांच्या आधीचे असूनही जास्त ठणठणीत निघतात.

*एआयने रंगवणं.* हा मोह मलाही झाला. आईच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो एका ॲपने रंगवून दिला, साडी सुरेख निळी. आईला पडताळायला दाखवला तर ती म्हणाली, "ही कोण बाई? अष्टपुत्री निळी असते का कधी?" अष्टपुत्री पिवळीच. ॲपला करड्या छटेवरून पिवळा की निळा हे कळत नाही, ते आपलं अंदाजाने भरतं. चेहरे 'स्वच्छ' करणारी ॲप त्याहून वाईट. ती पुसट चेहऱ्याच्या जागी नवाच चेहरा बसवतात. आजीचं नाक बदललेलं मला दिसलं नव्हतं, आत्याने पकडलं. धूळ, ओरखडे काढा. नाक-डोळ्यांना हात लावू नका.

५. निवड: तीन ढीग

माझ्याकडे गोळा होऊन चारशेच्या वर फोटो झाले. त्यांतून अठ्ठावन्न काढायला आठवडा गेला आणि एकदा दादाशी भांडण झालं.

सगळे फोटो एका बैठकीत भराभर पाहा आणि तीन फोल्डर करा: 'हवाच', 'बघू', 'नको'. मग दोन दिवस हात लावू नका. नंतर फक्त 'हवाच' उघडा. त्यातलेही तिसरा हिस्सा तुम्हाला आता नकोसे वाटतील. 'बघू'मधला एखादा आपोआप आठवत राहिला असेल तर तेवढाच वर घ्या.

पहिला नियम, एका प्रसंगाचा एक फोटो. सत्यनारायणाचे सहा फोटो असतील तर एकच. फार तर दोन, जर दुसऱ्यात काहीतरी बिनसलेलं असेल, म्हणजे कोणी जांभई देतंय किंवा मांजर चौरंगाखाली शिरलंय.

दुसरा, रांगेत उभं राहून काढलेले फोटो कमीत कमी घ्या. त्यात सगळे सारखेच दिसतात. त्यापेक्षा माणूस काहीतरी करताना: सायकलला पंप मारताना, सोमेश्वरला धबधब्यापाशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, गंगेवर भेळ खाताना. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.)

तिसरा, मागे काय दिसतंय ते बघा. फोटो जरा हललेला असला तरी मागे स्वयंपाकघरातली मांडणी, भिंतीवरचं कालनिर्णय, झाकलेला टीव्ही दिसत असेल तर तो ठेवा. लोक माणसाइतकंच घर ओळखतात. प्रेसच्या क्वार्टरमधला आमच्या ओट्याचा एक धूसर फोटो मी 'नको'त टाकला होता. दादाने परत वर काढला, भांडण त्याच्यावरूनच. तो बरोबर होता, हे इथे लिहून टाकते म्हणजे पुन्हा विषय नको.

आता मानपान. हसू नका, हा सगळ्यात मोठा सापळा आहे. वहीत एक तक्ता करा. डाव्या बाजूला जवळच्या प्रत्येक माणसाचं नाव, समोर तो किती फोटोंत आहे ती संख्या. सख्खी भावंडं, मुलं, सुना, जावई, नातवंडं यांपैकी कोणाच्याही नावासमोर शून्य येता कामा नये. २०१६ ला एका आत्याच्या नावासमोर शून्य होतं. मला कळलंच नव्हतं, तिला मात्र तिसऱ्याच मिनिटाला कळलं. त्या दिवाळीत फराळाचा डबा आला नाही. नातवंडांत तर समान वाटणीच करा. एकाचे चार आणि दुसऱ्याचा एक असं झालं की दुसऱ्याची आई मोजते.

गेलेली माणसं. त्यांचे फोटो जरूर घ्या, पण भिंतीवरचा हार घातलेला फोटो नको. जिवंतपणीचा, शक्यतो हसताना किंवा कोणावर तरी डाफरताना. सगळ्यांना एकत्र करून शेवटी श्रद्धांजलीसारखं लावू नका, वाढदिवस आहे. आजोबा मधेच येऊ देत, मुंजीच्या गर्दीत, जसे होते तसे. नुकतंच कोणी गेलं असेल तर मात्र आई किंवा बाबा, जे कोणी सोबत आहेत, त्यांना आधी एकट्याने विचारा.

आजारपणातले, दवाखान्यातले फोटो नकोत, कितीही 'त्यातून उठले' म्हणून कौतुक असलं तरी. मोडलेल्या लग्नातली माणसं ज्या फोटोत आहेत तो फोटो चालेल का, हे ज्याचं लग्न मोडलं त्याला विचारायचं, बाकी कोणाला नाही. लहान मुलांचे न्हाणीघरातले फोटो हॉलमध्ये अजिबात नकोत, ती मुलं आता कॉलेजात आहेत.

६. फोटो कधीचा, कुठला?

क्रम लावायला साल लागतं. फोटोवर कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापून आलेल्या तारखेवर विसंबू नका. कॅमेऱ्याचा सेल बदलला की घड्याळ मागे जायचं आणि कोणी ते परत लावायचं नाही. मागची बाजू पाहा, पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं असतं.

तेही नसेल तर फोटोतल्या शहरालाच विचारा. गाडीच्या पाटीवर एमएच-१५ असेल तर फोटो १९८९ नंतरचा, कारण तोवर जुन्या अक्षरांच्या पाट्या होत्या. मागे हायवेवरचा लांबलचक उड्डाणपूल दिसला तर २०१३ च्या नंतरचा. गोदाघाटावर साधूंची गर्दी, बांबूचे अडसर दिसले तर सिंहस्थ: १९९१, २००३ किंवा २०१५, आणि कपड्यांवरून तिन्हींतला कुठला ते ओळखता येतं. तिथल्याच दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर पाणी किती चढलंय ते बघून आमचे काका पुराचं साल सांगतात. १९६९ चा पूर आणि सप्टेंबर २००८ चा पूर यांत त्यांची गफलत होत नाही. मुलांच्या वयावरूनही मागे जाता येतं: मांडीवरचं बाळ कोण आणि त्याचा दाखला कधीचा.

साल नक्की नसेल तर 'साधारण १९८५' असं लिहा. जागा नक्की नसेल तर जागा लिहूच नका. हे शेवटचं वाक्य मी स्वतः पाळलं नाही, ते पुढे येईलच.

७. गाणं

लोक गाणं इंटरनेटवर शोधतात. 'वडिलांसाठी गाणी' असं टाकलं की तीच दहा येतात, आणि ती सगळी लोकांच्या वाढदिवसांना, एकसष्टीला, निरोप समारंभाला आधीच वाजलेली असतात. ती बासरी सुरू झाली की समोरच्याला कळतं, आता रडायचंय. आणि मग तो मुद्दाम रडत नाही.

तुम्ही आईला विचारा: "सकाळी घरात काय वाजायचं?" आमच्याकडे उत्तर आलं, आकाशवाणी. प्रसारण सुरू होताना वाजणारी ती सुरावट (वॉल्टर कॉफमन यांनी १९३० च्या दशकात बांधलेली, आजही तीच आहे), मग भक्तिगीतं, सुट्टीच्या दिवशी कामगार सभा. बाबा दाढी करताना एकच गाणं गुणगुणायचे आणि दुसऱ्या कडव्यात शब्द विसरून 'ला ला' करायचे. तेच गाणं लावलं. कोणतं ते सांगत नाही, कारण तुमच्या घरातलं वेगळं असणार. तो 'ला ला'चा भाग आला तेव्हा सबंध हॉलने तो म्हटला.

गाणं ठरवण्याआधी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, कागदावर शब्द घेऊन ऐका. आपल्याकडची कितीतरी गोड चालीची भावगीतं विरहाची आहेत. ध्रुवपद प्रेमाचं वाटतं आणि तिसऱ्या कडव्यात कोणीतरी पैलतीरी जातं. पंच्याहत्तरीच्या माणसासमोर 'सांज', 'पैलतीर', 'निरोप', 'आता उरलो' हे शब्द कानावर पडले की खोलीतली हवा बदलते. चाल फार आवडली असेल तर फक्त वाद्यांवरचं रूप घ्या.

सहा मिनिटांना दोनच्या वर गाणी नकोत. चार गाण्यांचे तुकडे जोडले की कानाला रिक्षातून फिरल्यासारखं वाटतं. आणि ज्या फोटोंवर तुम्ही मजकूर लिहिलाय त्यांच्याखाली शब्दांचं गाणं ठेवू नका. डोळे एक वाचतात, कान दुसरं ऐकतात, दोन्ही वाया जातं. तिथे सतार, बासरी (तीच ती नव्हे), नाहीतर नुसती पेटी.

गाण्यापेक्षा भारी पडतो आवाज. आईला मी मटार सोलायला बसवून फोन शेजारी ठेवला आणि विचारलं, "बाबा तुला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा काय झालं?" चार मिनिटं बोलली, त्यांतली पन्नास सेकंद घेतली. रेकॉर्ड करताना पंखा, फ्रिज, मिक्सर बंद करा. फोन तोंडापासून हातभर अंतरावर, टेबलावर न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. बोलणं संपल्यावर अर्धं मिनिट तसंच चालू ठेवा. ती खोलीची शांतता जोड झाकायला कामी येते. व्हॉट्सॲपवर आलेले जुने व्हॉइस मेसेजही शोधा, विशेषतः जी माणसं आता नाहीत त्यांचे. ते आजच वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. फोन बदलताना पहिले तेच हरवतात.

जुनी कॅसेट सापडली तर लगेच लावून बघू नका. आधी टेपरेकॉर्डरचं हेड कापसाने आणि स्पिरिटने पुसा, कॅसेट दोन्ही बाजूंनी एकदा पुढे-मागे फिरवा, मग टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या लाइन-इनला जोडून ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग सुरू करा आणि मगच वाजवा. तुटायची असेल तर पहिल्याच फेरीत तुटते, तेव्हा ती फेरी रेकॉर्ड झालेली असावी.

रहाडीच्या फोटोला मी गाणं लावलंच नाही. मिरवणुकीत मोबाइलवर घेतलेला नाशिक ढोलाचा दहा सेकंदांचा तुकडा लावला. एवढ्यावरच लोकांनी शिट्ट्या मारल्या.

८. जुळवणी

हिशेब सोपा आहे. एक फोटो सरासरी पाच सेकंद. चार मिनिटांच्या गाण्यात ४८ फोटो. घोळक्याच्या फोटोला सात-आठ सेकंद द्या, कारण प्रत्येकजण स्वतःला शोधतो. एकट्या माणसाच्या फोटोला चार पुरतात. कागदपत्राला सहा.

उभे फोटो आडव्या पडद्यावर बसवताना ॲप डोकी किंवा पाय कापतं. कापू देऊ नका, दोन्ही बाजूंना साधा काळा किंवा दुधी रंग ठेवा. हळू झूम दहा-बारा फोटोंनाच द्या. पानं उलटणं, बदाम उडणं, गुलाब पडणं असले प्रकार ॲपमध्ये फुकट असतात आणि त्यांची किंमत तेवढीच.

बोलणं चालू असताना गाण्याचा आवाज वीस टक्क्यांच्या आत आणा. गाणं ओळीच्या मध्ये तोडू नका, समेवर आणा आणि शेवटचे तीन सेकंद हळूहळू उतरवा. पूर्ण झाल्यावर घराबाहेरच्या एकाला दाखवा. त्याने मोबाइल कितव्या मिनिटाला हातात घेतला ते बघा आणि तिथून पुढचं कापा.

९. हक्कांचं थोडं

घरात, आपल्या माणसांत दाखवायला कोणी विचारत नाही. अडचण येते ती यूट्यूब किंवा फेसबुकवर चढवताना. तिथे गाणं आपोआप ओळखलं जातं आणि आवाज बंद होतो किंवा व्हिडिओवर दावा लागतो. "जुनं गाणं आहे, आता कोणाचं नाही" असं समजू नका. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो, पण कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी शब्द आणि चाल बांधलेलीच असू शकते. तेव्हा फाइलच वाटा. हॉलमध्ये गाणी वाजवायच्या परवान्याचं काय, ते हॉलवाल्यालाच बुकिंगच्या वेळी विचारून ठेवा.

१०. देताना

फाइल एमपी४ मध्ये, १०८० वर काढा. सहा मिनिटांची तीन-चारशे एमबीपर्यंत होते. दोन पेन ड्राइव्हवर घ्या, आणि ज्या टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर दाखवायचं त्याच्यावरच आदल्या दिवशी लावून बघा. "मोबाइलवरून कास्ट करू" यावर राहू नका. हॉलमध्ये शंभर माणसं आली की नेटचा जीव जातो.

वेळ: जेवणाआधी, औक्षण झाल्यावर. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळतात तेव्हा दिवे विझू नयेत म्हणून पंखे बंद करतात, हे लक्षात ठेवा. दिवे हलवा, पंखे लावा, लोकांना दोन मिनिटं घाम पुसू द्या, मग लावा. आम्ही घाई केली होती आणि पहिलं मिनिट लोक पत्रिकेने वारा घेत होते.

आणि एडिटिंगचं मूळ प्रोजेक्ट डिलीट करू नका, नुसती तयार फाइल ठेवून भागत नाही. कारण दिवे लागल्यावर बाबांनी डोळे पुसले, दादाला जवळ घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "छान केलंस गं. पण ती पांडवलेणी नव्हे, चांभारलेणी. म्हसरूळची. खाली नाव चुकलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला त्यांचा फोन आला, दुरुस्त केलं का विचारायला.